अण्णा केळशीकरांचे समुद्रघोडे

पुण्याहून अण्णांच्या पुतणीचा, मेधाचा, फोन आला तेव्हा मी वसईला वाडीत केळीला पाणी सोडत होतो. "इनासकाका, अण्णा गेले. आज पहाटे. झोपेतच..." एवढं बोलून ती थांबली. मी "बरं" म्हणालो. असल्या वेळी माणूस काय वाट्टेल ते बोलतो. फोन खिशात टाकून मी तसाच उभा राहिलो आणि पाणी आळ्यातून वाहत वाटेवर आलं. अण्णा तिथे असते तर चांगलं झापलं असतं त्यांनी मला. पाणी वाया गेलेलं त्यांना कधी सोसलं नाही. सगळी नोकरी त्यांनी बहरीनमध्ये केली, समुद्राचं खारं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून. गोड्या पाण्याचा थेंब कसा तयार होतो, हे त्यांना ठाऊक होतं.

त्याला आता पाच आठवडे झाले. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हटलं तर पुण्याच्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल. काटेकोर, अबोल, लग्न न केलेले, धाकट्या भावाच्या संसाराला आयुष्यभर टेकू दिलेले अण्णा केळशीकर सगळ्यांनीच पाहिले आहेत. मी पाहिलेले अण्णा मात्र गुडघाभर समुद्रात, पँट वर दुमडून, चक्का टांगायचं मलमलीचं फडकं दोन्ही हातांत धरून उभे आहेत. ते बाकी कुणी पाहिले नाहीत, म्हणून हा खटाटोप.

मी सत्याहत्तर साली बहरीनला गेलो, एका हॉटेलच्या किचनमध्ये कुक म्हणून. बुसैतीनला समुद्राजवळच्या एका जुन्या बैठ्या घरात एक खोली रिकामी होती आणि दुसरीत आधीपासून अण्णा राहत होते. मला तिथे धाडणाऱ्या माणसाने आधीच बजावलं होतं, "तो पुण्याचा आहे, सोवळ्यातला. तुझं चार दिवस जमणार नाही." मी वसईचा ख्रिस्ती, मासळीवाचून घास न उतरणारा. पहिल्याच संध्याकाळी अण्णांनी मला समोर बसवून घरातले नियम सांगितले. आतला गॅस त्यांचा, मागच्या अंगणातला रॉकेलचा स्टोव्ह माझा. फ्रिजचा वरचा कप्पा त्यांचा, खालचा माझा, आणि खालच्या कप्प्यात जे काही असेल ते झाकलेलं असावं. मी म्हटलं, "मान्य. पण वास कुठे झाकायचा?" अण्णा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणाच्या दाराला स्वतः रबराची पट्टी मारली. मग आमचं चार दिवस नाही, नऊ वर्षं जमलं.

समुद्रघोडा आमच्या घरात आला तो माझ्या टवाळकीपायी. हॉटेलसाठी मासळी बघायला मी सकाळी बाहेर पडे, तेव्हा वाटेवर एका म्हाताऱ्या कोळ्याचा हद्रा लागायचा. हद्रा म्हणजे उथळ पाण्यात काठ्या रोवून केलेलं कुंपण. भरतीबरोबर मासे आत येतात आणि ओहोटीला अडकतात. त्या म्हाताऱ्याला सगळे हाजी म्हणत. तरुणपणी गलबतावरून मुंबईच्या बऱ्याच वाऱ्या केलेल्या असल्याने तो झकास हिंदी बोले, मधूनच अरबी शब्द टाकत. एका सकाळी त्याच्या टोपलीत गवताच्या काडीला शेपटी गुंडाळून एक समुद्रघोडा बसलेला दिसला, पिवळसर, माझ्या मधल्या बोटाएवढा. मी तो कॉफीच्या बरणीत पाण्यासकट घेतला आणि घरी येऊन अण्णांपुढे ठेवला. म्हटलं, "तुमच्यासाठी शाकाहारी मासा आणलाय. घोडाच तो, गवत खाईल."

अण्णांनी चष्मा वर केला, बरणीजवळ डोळे नेले. आणि मी थट्टेत बोललेलं त्यांनी खरं मानलं. पालक बारीक चिरून घातला. भिजवलेली मूगडाळ घातली. कणकेच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून सोडल्या. शितं घातली, आणि ती बिनतुपाची आहेत हे मला मुद्दाम सांगितलं. घोडा ढिम्म. चौथ्या दिवशी त्याचा रंग उतरला. मी हाजीला विचारलं, तर तो म्हणाला, "शूफ, देखो, ये मरा हुआ नहीं खाता, घास भी नहीं खाता. जो हिलता है, वो खाता है. नहीं हिलता तो मफी, कुछ नहीं."

मी हे घरी सांगितलं तेव्हा अण्णा पूजेची भांडी घासत होते. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. ज्या माणसाने जन्मात अंडं हातात धरलं नव्हतं, त्याने जिवंत जीव धरून दुसऱ्याच्या तोंडी द्यायचा. मला माझ्याच थट्टेची लाज वाटली आणि मी म्हटलं, "सोडून देऊ या, अण्णा. पाण्यातला जीव पाण्यात जाऊ दे." ते लगेच बरणी घेऊन निघाले. तासाभराने परत आले ते भिजल्या पँटने. घोडा बरणीतच होता आणि दुसऱ्या हातातल्या स्टीलच्या डब्यात नखाएवढ्या पारदर्शक कोळंब्या उड्या मारत होत्या. "सोडायलाच गेलो होतो," ते म्हणाले. "पाण्यात उभा राहिलो तर पायांभोवती ह्याच. म्हटलं, एकदा खाताना बघू आणि उद्या सोडू."

ते 'एकदा' आम्ही दोघांनी जमिनीवर बसून पाहिलं. आजही अंगावर काटा येतो. घोड्याचा एक डोळा आमच्याकडे होता आणि दुसरा, स्वतंत्रपणे, कोळंबीच्या मागे फिरत होता. तो पोहत गेला नाही, झडप घातली नाही. नुसता हळूहळू कलत गेला, मान वाकवली, आणि टक् असा अगदी बारीक आवाज काचेबाहेर ऐकू आला. कोळंबी नाहीशी झाली होती. अण्णांनी दोन्ही हात नकळत जोडले होते. देवापुढे जोडतात तसेच, पण कुणासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

उद्या काही उजाडला नाही. मनामाच्या बाजारातल्या एका काचवाल्याकडून अण्णांनी माप देऊन पेटी बनवून घेतली, हवेचा छोटा पंप आणला, तळाशी समुद्राचीच वाळू धुऊन पसरली. दिवसभर खाऱ्याचं गोडं करणारा माणूस संध्याकाळी दोन्ही हातांत कॅन धरून घरी खारं पाणी वाहू लागला. मी त्यावरून त्यांची भरपूर फिरकी घेतली. कोळंब्या धरायला त्यांनी घरातलं सगळ्यांत तलम कापड काढलं, ते म्हणजे श्रीखंडाचं फडकं. त्यानंतर आमच्या घरी श्रीखंड झालं नाही. रोज पहाटे स्नानाआधी समुद्रावर, मग स्नान, मग संध्या, मग ड्यूटी. जीव मारून आलेल्या अंगाने देवापुढे बसायचं नाही, ही त्यांनी स्वतःपुरती काढलेली वाट होती.

हाजीने महिन्याभरात एक मादी दिली. आणि मग सकाळी काय चाले, ते शब्दांत धरायला मी फार तोकडा आहे. खिडकीतून उजेड आला की नर आपली काडी सोडून मादीकडे जाई. दोघांचा रंग उजळे, करड्याचा केशरी होई. एकाच काडीला शेपट्या गुंडाळून ती दोघं सावकाश गोल फिरत आणि शेजारी शेजारी पेटीभर पोहून येत. पाच-सात मिनिटं. मग ती मादी आपल्या कोपऱ्यात, तो आपल्या. रोज. एकही सकाळ चुकली नाही. अण्णा म्हणाले, "इनास, आपण दोघं एका घरात राहतो, पण सकाळी एकमेकांना साधं 'काय रे' तरी म्हणतो का?" दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागलो.

एकदा पेटी साफ करताना नराने अण्णांच्या करंगळीला शेपटी गुंडाळली. मी पाहिलं तेव्हा अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, एक बाही दंडापर्यंत सारून, हात पाण्यात घालून उभे होते. कंपनीची गाडी बाहेर दोनदा हॉर्न वाजवून निघून गेली. "काढा ना," मी म्हटलं. "तो सोडेल तेव्हा," ते म्हणाले. ज्यांच्यावरून लोक घड्याळं लावत, ते अण्णा त्या दिवशी नोकरीत पहिल्यांदा उशिरा पोचले. कारण विचारल्यावर खोटं बोलायचं नाही म्हणून गप्प बसले आणि बोलणी खाल्ली.

ऑक्टोबरात नराचं पोट फुगलं. आम्हाला वाटलं, अपचन. अण्णांनी दोन दिवस कोळंबी कमी केली, हे आठवलं की आता हसूही येतं आणि दुसरंही काही येतं. हाजी घरी येऊन पाहून गेला आणि दाराच्या चौकटीला धरून हसला. "बीमार नहीं है. ये बाप है. बच्चा बाप के पेट में है, माँ के नहीं." आमचा विश्वास बसला नाही. नवव्या दिवशी सकाळी नराने काडी घट्ट धरली, अंग वाकवलं, पोटाला झटका दिला, आणि पोटाच्या पिशवीतून धुराचा लोट यावा तशी पिल्लं बाहेर आली. पुन्हा वाकला, पुन्हा आली. बडीशेपेच्या दाण्याएवढं एकेक पिल्लू, पण मान, तोंड, शेपटी, सगळं जिथल्या तिथे. काही जणांनी जन्मल्या जन्मल्या एकमेकांच्या शेपट्या धरल्या. दोनशे असतील, तीनशे असतील. बाप दमून काडीला लोंबकळत होता. मी क्रूस केला. अण्णांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

चौथ्या दिवसापर्यंत त्यातलं एकही उरलं नाही. पिल्लांच्या तोंडात मावेल इतकं बारीक खाणं आमच्याकडे नव्हतं. डिसेंबरात दुसरी वीण झाली, ती आठवडाभर टिकली. तेव्हा अण्णा मला म्हणाले, आणि हे वाक्य मी विसरणार नाही, "रोज शेकडो जीव मी माझ्या हातांनी ह्यांच्या तोंडी देतो. त्यातून निदान एक तरी उभा राहिला पाहिजे. एक पिल्लू वाढून मोठं झालेलं मला दिसू दे. नाही तर हे सगळं मी नुसतं गंमत म्हणून केलं असं होईल." त्या दिवसापासून पेटी हा आमच्या घरातला विरंगुळा राहिला नाही. एक पिल्लू वाढवणं, एवढंच अण्णांना हवं होतं, आणि हळूहळू मलाही तेवढंच हवंसं झालं.

शेवटी इंजिनियरच तो. त्यांनी फडकं आधी एकेरी, मग चौपदरी करून पाणी गाळायला सुरुवात केली. एकेरीत कोळंब्या अडकत आणि चौपदरीत नुसत्या डोळ्यांना धुळीसारखे दिसणारे जीव राहत. ते बादलीत सोडून बादलीच्या एका कडेला विजेरी लावायची. सगळे जीव उजेडाकडे गोळा होत, मग रबरी नळीने तेवढे ओढून पिल्लांना घालायचे, दिवसातून पाच वेळा. दुपारच्या दोन वेळा माझ्याकडे होत्या, कारण माझी ड्यूटी बहुधा संध्याकाळी सुरू होई. जानेवारीच्या अखेरीस तिसरी वीण झाली आणि ह्या वेळी पिल्लं जगू लागली. दहा दिवसांनी चाळीस होती. तीन आठवड्यांनी अकरा उरली, पण ती अकरा जाडजूड झाली होती आणि पेटीत बांधलेल्या दोऱ्याला ओळीने शेपट्या अडकवून बसत होती. अण्णा रोज मोजत. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. एकदा तर ते आंघोळ करताना गुणगुणत होते.

आणि महाशिवरात्र आली.

सकाळी मी उठलो तर फडकं दोरीवर कोरडं होतं. अण्णा स्नान करून पाटावर बसले होते. "आज नाही," ते म्हणाले. "आज माझ्या हातून जीव जाणार नाही." मी म्हटलं, "मी जातो ना. मला कुठे शिवरात्र आहे?" "तुझ्या हातून गेला तरी ह्याच घरासाठी गेला. एक दिवसाचा तर प्रश्न. आपण इतके उपास करतो, काही होतं का आपल्याला?" त्या दिवशी मला डबल शिफ्ट होती. मी फार ताणलं नाही. खरं सांगायचं तर मला त्याची मौज वाटली. किचनमध्ये जाऊन मी सगळ्यांना सांगितलं की आमच्याकडे मासेसुद्धा शिवरात्र करतात. सगळे हसले. त्या हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. घरातून निघताना फडकं उचलून गुपचूप समुद्रावर गेलो असतो, तर पंधरा मिनिटांचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी घरी आलो. अण्णा पेटीपुढे जमिनीवर बसले होते. समोर ओला रुमाल पसरला होता आणि त्यावर दहा पिल्लं एका रांगेत ठेवली होती. मोठी दोघं ठीक होती. मोठ्यांना एक दिवस निभतो. "दहा," अण्णा म्हणाले. मी पेटीत पाहिलं. अकरावं दोऱ्याला धरून होतं, पांढुरकं पडलेलं, पण त्याचा डोळा फिरला. "फडकं कुठे आहे?" अण्णांनी मला विचारलं. ते त्यांच्या तोंडासमोर दोरीवर लटकत होतं. मी ते ओढलं आणि किचनच्या कपड्यांतच समुद्राकडे धावलो. मागून अनवाणी अण्णा आले. त्या दिवशी त्यांनी उपासाचं पारणं केलं नाही. स्नान, पूजा काहीच केलं नाही. दर अर्ध्या तासाला नळीने खाणं सोडत ते संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले.

पुढे काही महिन्यांनी त्यांना लायब्ररीत एक इंग्रजी पुस्तक मिळालं. ते उघडंच घेऊन ते अंगणात माझ्या स्टोव्हजवळ आले. मी बांगडे तळत होतो, तरी आले. "इनास, ह्यांना जठरच नसतं," ते म्हणाले. "खाल्लेलं साठवायला आत जागाच नाही. आपण उपास करतो तेव्हा आदल्या दिवशीचं पोटात असतं. ह्यांच्याकडे आदला दिवस नसतो. आणि मी ह्यांना उपास घडवला, माझ्या पुण्यासाठी." बांगडे करपले.

अकरावं मात्र जगलं. आम्ही त्याला अकरावा असंच म्हणत असू. पांढुरक्याचा तो पिवळा झाला, आधी बापाच्या निम्मा आणि मग बापाएवढा. वर्ष सरता सरता एका सकाळी अण्णांनी मला हाक मारून त्याच्या पोटाखालची पिशवी दाखवली. नर होता, मोठा झाला होता. मी म्हटलं, "आता ह्याच्यासाठी मादी शोधू." अण्णा म्हणाले, "ती त्याची तो शोधेल." त्याच आठवड्यात हाजीच्या होडीतून आम्ही तिघांनाही हद्र्यापलीकडच्या समुद्रगवतात नेलं. पाणी इतकं नितळ होतं की तळ दिसत होता. अण्णांनी बादली पाण्यात आडवी धरली. आधी जोडी गेली, मग अकरावा. एका पात्याला शेपटी गुंडाळून तो वाऱ्यातल्या पात्यासारखा डोलू लागला, आणि बघता बघता कुठलं पातं आणि कुठला तो, हे कळेनासं झालं. "खलास?" हाजीने विचारलं. "खलास," अण्णा म्हणाले. परतताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, त्याला मी शांती म्हणेन. पण त्या दहांचं काही शमलेलं नव्हतं, हे मला फार नंतर कळलं.

शहाऐंशीत मी वसईला परतलो. नंतर काही वर्षांनी अण्णाही पुण्याला गेले, पुतणीकडे, म्हणजे मेधाकडे. पत्रं, फोन, क्वचित भेट. समुद्रघोड्यांचा विषय आम्ही कधी काढला नाही.

दिवसवार झाले तेव्हा मी तापाने अंथरुणात होतो, जाता आलं नाही. म्हणून मागच्या शुक्रवारी पुण्याला गेलो. मेधाने दार उघडलं आणि म्हणाली, "काका, आज शिवरात्र. साबुदाणा भिजवलाय, चालेल ना?" मी बघू म्हटलं. अण्णांच्या खोलीत बसलो. पलंगावर पांढरी चादर होती, भिंतीवर शंकराची तसबीर. मेधा पाणी घेऊन आली आणि बसली, आणि म्हणाली, "तुम्हाला एक विचारू? तुम्हीच सांगू शकाल. अण्णांचं शिवरात्रीचं एक विचित्र होतं. स्वतः पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. पण सकाळी आठच्या आत घरातल्या प्रत्येकाला वरण-भात जेवायला लावायचे. स्वतः कुकर लावायचे. कामाच्या बाईंना, पेपरवाल्याला, खालच्या कुत्र्यांना. आई एकदा म्हणाली, मलाही उपास करायचाय, तर अण्णा हात जोडून म्हणाले, माझ्या घरात दुसऱ्या कुणी उपाशी राहायचं नाही. बाहेर लोक हसायचे आम्हाला. इतकी वर्षं हे काय होतं, काका? यंदा पहिल्यांदाच आम्ही सगळे रीतसर उपास करतोय."

मी तिला सांगितलं. हाजी, फडकं, बादलीतली विजेरी. ओल्या रुमालावरची दहा पिल्लं आणि दोऱ्याला धरून राहिलेलं एक. मेधाने तसबिरीकडे पाहिलं. मग उठून आत गेली. डाळ-तांदूळ धुतल्याचा आवाज आला, गॅस पेटला, आणि तिने मुलांना हाका मारल्या.

तिने माझं पान वाढलं. वरण-भात, लिंबाची फोड, वरून तूप. ईस्टरआधीचा आमचाही उपासकाळ चालू होता, आणि शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत मी पाण्याखेरीज काही घेत नाही. ते मी तिला बोललो नाही. पोटभर जेवलो.